सात एकरांचे बेट आणि पाखरांची मोजदाद

यंदाच्या फेब्रुवारी महिन्यात एका संध्याकाळी वसतिगृहातील सामुदायिक वंदना आटोपून मी कार्यालयात येऊन बसलो होतो. तेवढ्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. हे गृहस्थ बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिली, पुढे तिने प्राणिशास्त्राची पदवी घेतली आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ती अमेरिकेला गेली. वडिलांचा स्वर चिंतेचा होता. "सर, पोरगी म्हणते का उन्हाळाभर समुद्रातल्या बेटावर राहून पाखरं मोजाची हायेत. येवढं शिकवलं ते पाखरं मोजाले काय?"

प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा माणूस. पक्ष्यांविषयीचे माझे ज्ञान शाळेच्या आवारातील निंबावरच्या साळुंक्यांपलीकडे जात नाही. "भाऊ, मला आठ दिवस द्या," असे म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर मुलीशी बोललो, तिने सांगितलेले साहित्य मिळवून वाचले. आठ दिवसांचे दीड महिने झाले. जे समजले ते त्या वडिलांसाठी तर लिहीत आहेच. परंतु आपल्या शाळेतून विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढत असताना इतर पालकांसमोरही असा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे, म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी मागितलेल्या लेखासाठी मी हाच विषय निवडला.

प्रथम समुद्रपक्षी म्हणजे काय ते पाहू. काही पक्ष्यांचे सारे आयुष्य खुल्या समुद्रावर जाते. ते तेथेच खातात, लाटांवरच विसावतात आणि महिनोन्महिने जमिनीला पाय लावत नाहीत. आपल्या कोकणच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील वादळी वाऱ्याने भरकटलेले असे थकलेभागले पक्षी कधी कधी येऊन पडतात आणि वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र छापून येते. एरवी ते आपल्या दृष्टीस पडत नाहीत. मात्र अंडे पाण्यावर घालता येत नाही. त्या एका कारणासाठी समुद्रपक्ष्याला वर्षातून काही आठवडे जमिनीवर यावेच लागते, आणि कोल्हा, मांजर, उंदीर यांच्यापासून सुरक्षित अशी जमीन म्हणजे मुख्य भूमीपासून दूरचे लहान बेट. अभ्यासकाला हा पक्षी जवळून पाहायला मिळतो तो याच दिवसांत. म्हणून उत्तरेकडील देशांत मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अशा बेटांवर तरुण सहायकांची तुकडी राहायला जाते. तिकडचा हा उन्हाळा आपल्या वैशाखासारखा नसतो. रात्री लोकरीचे कपडे घालून झोपावे लागते.

हे काम नेमके कसे चालते हे कळण्यासाठी मी एकच बेट निवडले. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील मस्कोंगस उपसागरात किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर ईस्टर्न एग रॉक नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे ७ एकर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या शिवाराएवढे. कडेला प्रचंड शिळांचा ढीग, मध्ये गवत. झाड एकही नाही, गोड्या पाण्याचा झराही नाही. या शिळांच्या कपारींत पूर्वी पफिन नावाचा पक्षी घरटे करीत असे. कबुतराएवढा, साधारण अर्धा किलो वजनाचा, पाठ काळी, पोट पांढरे आणि चोच लाल-केशरी पट्ट्यांची. वर्षाला तो एकच अंडे घालतो. एकोणिसाव्या शतकात कोळ्यांनी मांसासाठी आणि पिसांसाठी या पक्ष्यांवर जाळी टाकली, बंदुका चालविल्या. त्याच काळात श्रीमंत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, कधी आख्खा पक्षी मिरविण्याची फॅशन युरोप-अमेरिकेत होती आणि त्यापायी सुरय पक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती ओस पडल्या. १८८५ च्या सुमारास एग रॉकवरचा शेवटचा पफिन संपला. पुढे कायद्याने संरक्षण मिळाले तरी पफिन परतले नाहीत. माणसाने टाकलेल्या मासळीच्या व कचऱ्याच्या ढिगांवर पोसलेले कुरव पक्षी तोवर त्या बेटांचे मालक झाले होते, आणि कुरव इतरांची अंडी-पिल्ले खातात.

यानंतरचा भाग इतिहासाच्या शिक्षकाला सुखावणारा आहे. त्याच उपसागरातील हॉग बेटावर उन्हाळी निसर्ग शिबिरात शिकविणारे स्टीफन क्रेस नावाचे एक तरुण शिक्षक होते. मेनमधील पक्ष्यांविषयी १९४९ साली प्रसिद्ध झालेला एक ग्रंथ त्यांनी वाचला. एग रॉकवर एके काळी पफिन घरटी करीत असत, एवढीच नोंद त्यात होती. त्या नोंदीवरून त्यांनी ठरविले की हे पक्षी परत आणायचे. पफिन जेथून उडतो तेथेच मोठेपणी परत येतो, हे माहीत होते. मग अंड्यातून बाहेर येऊन थोडेच दिवस झालेली पिल्ले दुसरीकडून आणून या बेटावर वाढवली, तर ती या बेटालाच आपले घर मानतील काय? तज्ज्ञांना ही कल्पना फारशी पटलेली नव्हती. तरीही १९७३ साली सुमारे १६०० किलोमीटर दूर असलेल्या न्यूफाउंडलंडच्या ग्रेट आयलंडवरून पहिली सहा पिल्ले आणली गेली. १९८६ पर्यंत ही संख्या ९५४ झाली. एवढ्या पिल्लांसाठी मातीत हाताने बिळे खणायची, रोज प्रत्येकाच्या बिळात मासे नेऊन ठेवायचे, पायात क्रमांकाची कडी घालायची, आणि एके रात्री पिल्लू एकटेच समुद्राकडे निघून गेले की सकाळी रिकामे बीळ पाहून तशी नोंद करायची. हे सारे कोणी केले? उन्हाळ्यापुरत्या आलेल्या विद्यार्थी-सहायकांनी.

मग वाट पाहणे आले. पफिनचे पिल्लू समुद्रावर गेले की दोन-तीन वर्षे जमिनीकडे फिरकत नाही. पफिन हा समूहाने राहणारा पक्षी. रिकाम्या बेटावर उतरायला तो धजत नाही. म्हणून क्रेस यांनी लाकडाचे पफिन कोरवून, रंगवून शिळांवर उभे केले. जून १९७७ मध्ये पायात कडी असलेला पहिला पफिन परत आला. पण परत येणे वेगळे आणि संसार मांडणे वेगळे. त्यासाठी आणखी चार वर्षे गेली. ४ जुलै १९८१ रोजी चोचीत आडवे मासे धरलेला एक पफिन शिळांच्या फटीत शिरताना दिसला. प्रौढ पक्षी स्वतःसाठी धरलेला मासा समुद्रातच गिळतो, चोचीत धरून आणतो तो पिल्लासाठी. म्हणजे आत पिल्लू होते. सुमारे शंभर वर्षांनी त्या बेटावर पफिनचे पिल्लू जन्मले होते. आज तेथे दीडशेहून अधिक जोड्या घरटी करतात. लाकडी पक्षी मांडून खऱ्या पक्ष्यांना बोलावण्याची ही युक्ती पुढे जगभर पसरली. जपानमधील तोरिशिमा बेटावर आखूड शेपटीच्या अल्बाट्रॉसला नव्या जागी वसविण्यासाठीही तिचा उपयोग झाला.

आता प्रत्यक्ष सहायकाच्या दिवसाकडे वळू, कारण पालकांना खरी उत्सुकता त्याची आहे.

बेटावर धक्का नसतो. मोठी नाव दूर थांबते आणि वल्ह्यांच्या लहान होडीतून शेवाळलेल्या खडकांवर उतरावे लागते. पाण्याचे डबे, धान्य, तंबू, दुर्बिणी, सारे सामान हाताहाताने वर चढवायचे. राहायला लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर प्रत्येकाचा स्वतंत्र तंबू. स्वयंपाक आणि लिखापढी यांसाठी एक लहानशी खोली. विजेसाठी सौर पट्ट्या. एक पर्यवेक्षक आणि तीन-चार सहायक एवढेच माणूसबळ. स्वयंपाक पाळीपाळीने. भांडी घासायला किंवा शौचालय साफ करायला वेगळा माणूस नाही, पर्यवेक्षकासाठीही नाही. किराणा आणि पिण्याचे पाणी ठरावीक दिवसांनी नावेने येते. धुके पडले किंवा समुद्र खवळला की नाव लांबते.

जूनच्या मध्यास सुरय पक्ष्यांची गणना होते. हा काळ मुद्दाम निवडलेला असतो. तोवर बहुतेक जोड्यांची अंडी घालून झालेली असतात, आणि पिल्ले बाहेर येऊन इकडेतिकडे पळू लागलेली नसतात. सर्वजण हातभर अंतर ठेवून रांगेत उभे राहतात आणि पावलागणिक जमीन पाहत पुढे सरकतात. सुरयचे घरटे म्हणजे उघड्या जमिनीवरचा एक खळगा, आणि त्यातील अंडी हुबेहूब खड्यांसारखी. पाऊल चुकले तर अंडे फुटते. प्रत्येक घरट्याजवळ खुणेची काडी ठेवायची, अंडी किती ते मोठ्याने सांगायचे, वहीवाल्याने लिहायचे. वरून पक्षी हल्ला करीत असतात. सव्वाशे ग्रॅमहून कमी वजनाचा हा पक्षी डोक्यावर सूर मारून चोचीने रक्त काढतो. म्हणून सहायक जाड टोपी घालतात आणि तिच्यावर एखादी काठी किंवा झेंडी खोचतात. पक्षी सर्वांत उंच टोकावर चोच मारतो, डोके वाचते. विष्ठेपासून मात्र काहीच वाचत नाही.

एवढे करून मोजणी पुरी होत नाही. माणसाच्या नजरेतून काही घरटी सुटतातच. किती सुटली हे कसे कळणार? त्यासाठी बेटाच्या काही भागांत दुसरी फेरी होते. या फेरीत १०० घरटी सापडली आणि त्यांपैकी ९५ जवळ पहिल्या फेरीची काडी आढळली, तर पहिल्या वेळी शंभरात सुमारे पाच सुटली असे धरून एकूण आकडा दुरुस्त करतात. मला ही पद्धत फार आवडली. आपली चूक होणार हे आधीच मान्य करायचे आणि ती केवढी झाली हेही मोजायचे. आपल्या अनेक सरकारी मोजण्यांना हे शिकण्यासारखे आहे.

जुलैत पिल्लांचे काम. सुरयची काही घरटी कुंपणाने घेरलेली असतात, म्हणजे पिल्ले भटकत नाहीत आणि तेच पिल्लू पुन्हा सापडते. ठरावीक दिवसांनी प्रत्येकाला कापडी पिशवीत घालून काट्यावर तोलायचे, पिशवीचे वजन वजा करायचे, पंखाची लांबी पट्टीने मोजायची, पायातील कडीचा क्रमांक वाचायचा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे वजन एक रुपयाच्या चार नाण्यांएवढे असते. वजन वाढत गेले तर समुद्रात मासळी पुरेशी आहे. घसरले तर काहीतरी बिघडले आहे. समुद्राच्या पोटात काय चालले आहे ते एका चिमुकल्या पक्ष्याच्या वजनावरून कळते. पफिनचे पिल्लू मात्र उघड्यावर नसते. त्यासाठी शिळांच्या फटीत पालथे पडून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो आणि अंधारात चाचपडावे लागते. हाताला आधी विष्ठा लागते, मग चिखल लागतो, आणि नशीब असेल तर मऊ पिसांचा गोळा लागतो, जो लगेच बोटाला चावतो.

उरलेला बराचसा वेळ लपणात जातो. लपण म्हणजे एक माणूस जेमतेम बसेल असे प्लायवूडचे खोके, त्याला पाहण्यापुरत्या खिडक्या. त्यात तीन-तीन तास बसून नोंद करायची: कोणत्या घरट्यात कोणता पक्षी किती वाजता आला, पायातील कडीचा क्रमांक काय, चोचीत मासे किती, कोणत्या जातीचे, केवढे. माशाची लांबी मोजपट्टीने मोजणे शक्य नसते. ती पक्ष्याच्या चोचीशी ताडून पाहतात, म्हणजे चोचीएवढा, दीडपट, दुप्पट अशी. पक्षी तीन-चार सेकंदांत फटीत नाहीसा होतो. तेवढ्यात हे सारे टिपायचे.

आणि कोणीच आले नाही तर? तसेही लिहायचे. आमच्या विद्यार्थिनीने मला सांगितलेल्या गोष्टींपैकी ही मला सर्वांत मोलाची वाटली. रकान्यात शून्य असणे आणि रकाना कोरा असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे मी पाहिले, आणि काही नव्हते. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. इतिहासात आमचे निम्मे वाद याच फरकावरून होतात. जुन्या दप्तरांत अमुक समाजाचा उल्लेख नाही, म्हणून तो तेथे नव्हता असे कोणी म्हणतो, तेव्हा विचारावे लागते की लिहिणाऱ्याने पाहिले होते काय?

येथे थोडे विषयांतर करतो. पदवीधर, पुढे डॉक्टरेट मिळविणारी मुले-मुली विष्ठेत हात घालतात, शौचालय साफ करतात, पाण्याचे डबे खांद्यावरून वाहतात आणि त्याच हाताने शास्त्रीय नोंद लिहितात, हे वाचताना आपल्या वाचकाच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले. आपल्याकडे घाणीला कोणी हात लावायचा हे जन्माने ठरविले गेले, आणि लेखणी कोणी धरायची हेही. बेटावर ती दोन्ही कामे एकाच हाताला करावी लागतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण म्हणून त्या जगात विषमता नाही असे मी म्हणणार नाही. तिचे दार निराळ्या ठिकाणी आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

पाखरे मोजून होते काय, या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर २०१२ सालच्या उन्हाळ्याने दिले. त्या वर्षी मेनच्या आखातातील पाणी नेहमीपेक्षा खूपच तापले. पफिन आपल्या पिल्लांसाठी आणतात ते हेरिंगसारखे बारीक, लांबट मासे त्यांना पुरेसे मिळाले नाहीत. त्याऐवजी दक्षिणेकडील कोमट पाण्यातला बटरफिश आला. हा मासा आपल्या पापलेटच्याच कुळातला, तसाच चपटा आणि रुंद. आई-बाप इमाने इतबारे मासे आणून पिल्लासमोर टाकत होते आणि पिल्लाच्या घशात ते मावत नव्हते. मेनच्याच किनाऱ्यावरील सील आयलंडवर एका बिळात बसविलेल्या कॅमेऱ्यातून असंख्य लोकांनी एक पिल्लू असे माशांजवळ उपाशी मरताना पाहिले. लोकांना त्या दृश्याने हळहळ वाटली. परंतु हा अपघात नसून समुद्र बदलल्याची खूण आहे, असे खात्रीने सांगता आले ते लपणात बसून वर्षानुवर्षे माशांच्या जाती लिहून ठेवणाऱ्यांच्या वह्यांमुळे. त्याआधीच्या वर्षांत बटरफिश किती येत असे याचा हिशेब त्या वह्यांत होता. पुढे २०१५ मध्ये समुद्रशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की २००४ ते २०१३ या दशकात मेनचे आखात जगातील ९९ टक्के समुद्रांपेक्षा अधिक वेगाने तापले होते.

गंमत अशी की या वह्या सुरू करणाऱ्यांच्या मनात हवामानबदल हा विषयच नव्हता. अलास्काच्या उत्तरेस आर्क्टिक महासागरात कूपर नावाचे सपाट, वाळूचे बेट आहे. अमेरिकी नौदलाने तेथे टाकून दिलेल्या लाकडी पेट्यांत काळे गिलेमॉट पक्षी घरटी करू लागले होते. जॉर्ज डिव्होकी यांनी १९७५ पासून दर उन्हाळ्यात तेथे राहून कोणत्या पेटीत कोणत्या तारखेला अंडे आले ते लिहायला सुरुवात केली. उद्देश पक्ष्यांचे जीवन समजून घेणे एवढाच होता. या पक्ष्याला अंडी घालण्यापासून पिल्लू उडेपर्यंत सुमारे ८० बर्फमुक्त दिवस लागतात. वर्षे उलटत गेली तसे अंडी घालण्याच्या तारखा अलीकडे सरकताना दिसू लागल्या, कारण बर्फ लवकर वितळू लागले होते. जो प्रश्न विचारण्याचे १९७५ मध्ये कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, त्याचे उत्तर त्या तारखांनी दिले. दप्तराचे मोल लिहिताना कळत नसते.

एका कडीची गोष्ट तर विद्यार्थ्यांना वर्गात सांगावी अशी आहे. प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर डिसेंबर १९५६ मध्ये चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञांनी एका लेसान अल्बाट्रॉस मादीच्या पायात कडी घातली. २००२ साली तेच रॉबिन्स, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना, त्याच बेटावर गेले आणि त्यांनी एका मादीला धरून तिची जुनी कडी बदलली. परत येऊन नोंदी तपासल्या तेव्हा कळले की ही तीच मादी. मधल्या काळात खाऱ्या पाण्याने झिजलेल्या कड्या कितीतरी सहायकांनी काढून नव्या घातल्या होत्या, आणि प्रत्येकाने जुना क्रमांक व नवा क्रमांक शेजारी शेजारी लिहून ठेवला होता. त्या साखळीतील एकाही सहायकाने आळस केला असता, तर ही मादी जगाला अनोळखीच राहिली असती. विस्डम या नावाने ती आता प्रसिद्ध आहे. २०२४ च्या अखेरीस, किमान ७४ वर्षांच्या वयात, तिने पुन्हा अंडे घातले. एवढ्या वयाचा दुसरा रानपक्षी माणसाला ठाऊक नाही.

रॉबिन्स यांचे नाव सर्वांना कळले. मधल्या सहायकांची नावे सहसा कोणी घेत नाही, आणि हे आपल्याकडेही तसेच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९५९ मध्ये सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी कड्या घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्याला कडी घालायची तर आधी त्याला इजा न करता धरावे लागते. ही विद्या बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पारधी समाजाकडे होती. अली हुसेन हे त्यांतील नाव पुढे पक्षिशास्त्रज्ञांत आदराने घेतले गेले. परंतु त्यांच्यासारखे आणखी जे हात जाळी लावत होते, कोणता पक्षी कोणत्या वाऱ्याला कोठे उतरेल हे जाणत होते, ते शोधनिबंधाच्या शेवटी आभारापुरतेही क्वचित उरतात. ज्ञान कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने येथेही विचारला पाहिजे.

आता त्या दाराविषयी. उन्हाळी क्षेत्रसहायकाच्या अशा अनेक जागा दीर्घकाळ बिनपगारी राहिल्या. जेवण आणि तंबू मिळे, बाकी काही नाही. तीन महिने न कमावता राहणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी चूल पेटण्यासाठी त्याच्या कमाईची गरज नसते त्याला. आणि पुढे संशोधनाची जागा मागायला गेले की पहिला प्रश्न असतो, क्षेत्रात काम केले आहे काय, शिफारसपत्र कोणाचे आहे? अशा रीतीने गुणवत्तेची परीक्षा होण्याआधीच गरीब विद्यार्थी रांगेबाहेर पडतो, आणि कोणी त्याला बाहेर काढले असे दिसतही नाही. अलीकडे तिकडच्याच तरुण शास्त्रज्ञांनी याविरुद्ध आवाज उठविला, आणि बऱ्याच संस्था आता मानधन देऊ लागल्या आहेत. आमच्या विद्यार्थिनीला मिळालेली जागा मानधनाची आहे. तरीही विद्यापीठाच्या ग्रंथालयात उन्हाळ्यात काम करून ती जे घरी पाठवू शकली असती, त्यापेक्षा ते कमीच आहे, आणि बेटापर्यंतचा प्रवासखर्च तिचा तिला करावा लागणार आहे. ही तूट सोसायची की नाही, हा निर्णय तिने वडिलांना विचारून घेतला. मी मध्ये पडलो नाही.

मात्र इतर विद्यार्थ्यांना एवढे सांगेन की अर्ज करण्यापूर्वी मानधन, विमा, प्रवासखर्च आणि आजारी पडल्यास किनाऱ्यावर आणण्याची व्यवस्था यांविषयी लेखी विचारावे. विचारण्यात संकोच नको. हमालाच्या पोराने मजुरी आधी ठरवून घ्यावी हे त्याला घरीच शिकायला मिळालेले असते. पोहता येणे उत्तम. अक्षर स्वच्छ हवे, कारण पावसात भिजलेली वही वर्षांनंतर दुसऱ्या कोणाला तरी वाचायची असते. आणि एकटेपणा सोसण्याची सवय हवी. त्या बाबतीत वसतिगृहात वाढलेली आपली मुले इतरांपेक्षा काकणभर सरस ठरतील असे मला वाटते. दहा वर्षांच्या वयात आई-बापांना सोडून, पंचवीस जणांच्या खोलीत ट्रंकेवर डोके ठेवून झोपलेल्या मुलीला तंबूची काय मातब्बरी?

हा मजकूर पुरा झाल्यावर मी तो त्या वडिलांना फोनवर वाचून दाखविला. ते मध्येच काही बोलले नाहीत. मासा पिल्लाच्या घशात मावत नाही, त्या ठिकाणी फक्त "अरे अरे" म्हणाले. वाचून झाल्यावर बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "पेयाचं पाणी कुठून आनते जी?"

"किनाऱ्यावरून. डब्यांत भरून नावेने."

"अन् नाव नाही आली त?"

धुक्याच्या दिवसांसाठी राखीव डबे वेगळे ठेवलेले असतात, असे तिने मला सांगितले होते. तेच मी त्यांना सांगितले.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "पन सर, होडीत बसताना ते फुग्याचं जाकीट घालजो म्हनून तिले तुमीच सांगा. माहं नाही आयकत ते, तुमचं आयकते."

मी त्याच रात्री तिला तसा निरोप पाठविला. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती बेटावर जाते आहे.